गुडघ्याखालचं जंगल: लहान जंगली मांजरांचा अभ्यास कसा होतो

मार्जारकुळात आज चाळीसच्या आसपास प्रजाती मानल्या जातात. वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार, हिमबिबट्या, चित्ता आणि प्यूमा ही सात नावं बाजूला काढली तरी तिसाहून जास्त उरतात. ढोबळमानाने त्यांनाच लहान मांजरं म्हणतात. बहुमत त्यांचं असलं तरी पैसा, मनुष्यबळ आणि कॅमेरे त्या सातांच्या मागे धावतात. त्यातून झालेलं मोठं नुकसान सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: अभ्यासाच्या पद्धतीही मोठ्या जनावरांच्या मापाने बेतल्या गेल्या. कॅमेरा किती उंचीवर बांधायचा, दोन कॅमेऱ्यांत किती अंतर ठेवायचं, किती रात्री थांबायचं, हे सगळं वाघ-बिबट्यांवर ठरलं. तेच माप दीड किलोच्या वाघाटीला लावलं तरी आकडे निघतातच. फक्त ते वाघाटीबद्दल कमी आणि आपल्या मांडणीबद्दल जास्त सांगतात.

आधी जागा, मग जनावर

'जंगली मांजर' म्हटलं की घनदाट जंगल डोळ्यांपुढे येतं, आणि पहिली चूक तिथेच होते. वाघाटी भारत, श्रीलंका आणि नेपाळमध्ये आढळते. जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी ती एक आहे. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचं वजन साधारण ०.९ ते १.६ किलो भरतं. पानझडीचं कोरडं जंगल, काटेरी झुडपं, खडकाळ टेकड्या तिला चालतात, आणि शेतंही चालतात. महाराष्ट्रात ऊसतोडीच्या वेळी फडात तिची पिल्लं सापडतात ती त्यामुळेच. रानमांजराच्या नावात रान असलं तरी दाट झाडी ते टाळतं. गवताळ माळ, लव्हाळी, पाणथळ काठ आणि शेतीची कड ही त्याची जागा. मासेमार मांजर पाणथळीशी आणि खारफुटीशी बांधलेलं. ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारं मार्बल्ड कॅट बराच वेळ झाडांवर काढतं. बिबट मांजर तर आग्नेय आशियात पाम तेलाच्या लागवडीतही उंदरांमागे शिरतं.

म्हणून नकाशावर हिरवा रंग बघून जागा निवडू नये. उपग्रहाच्या चित्रात जुनं जंगल आणि एकाच जातीच्या झाडांची लागवड पुष्कळदा सारखीच हिरवी दिसतात, आणि मांजराच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग, म्हणजे जमिनीपासून अर्ध्या मीटरपर्यंतचा आडोसा, वरून दिसतच नाही. त्या आडोशाकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

कॅमेरा: बांधणं सोपं, नीट बांधणं अवघड

कॅमेरा ट्रॅपचा, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचा, सेन्सर जनावर बघत नाही. मागच्या जमिनीपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू सेन्सरच्या पट्ट्यातून सरकली की तो जागा होतो. म्हणजे दोन गोष्टी लागतात, तापमानातला फरक आणि हालचाल. भर उन्हाळ्यात तापलेली जमीन आणि मांजराची कातडी यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही, मग मांजर समोरून गेलं तरी फोटो निघत नाही. शिवाय शरीर लहान असलं की उष्णतेची खूणही लहान. वाघाला आठ मीटरवरून पकडणारा कॅमेरा वाघाटीला तीन-चार मीटरवरही चुकवू शकतो.

उंचीचा घोळ सर्वांत जास्त होतो. वाघासाठी कॅमेरा माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात. लहान मांजर त्याच्या खालून निघून जातं, किंवा फोटोत पाठीची एक रेघ तेवढी येते. लहान मांजरांसाठी भिंगाचा मध्य जमिनीपासून २० ते ३० सेंटिमीटरवर हवा आणि कॅमेरा जमिनीला समांतर. ही उंची कॅमेरा बांधलेल्या झाडाच्या खोडाशी मोजायची नाही. मांजर जिथून जाणार त्या वाटेच्या पातळीपासून मोजायची. वाट खोडापेक्षा एक वीत खाली असेल तर सगळा हिशेब बिघडतो. वाटेपासून कॅमेऱ्याचं अंतर दीड ते तीन मीटर ठेवावं. बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे दीड मीटरच्या आत आलेलं जनावर धूसर येतं. शिवाय इतक्या जवळून पडलेला इन्फ्रारेड झोत अंगावरचे ठिपके पांढरेफटक करून टाकतो. झोत कमी करायची सोय कॅमेऱ्यात नसेल तर दिव्यांच्या अर्ध्या भागावर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली तरी काम भागतं. सेन्सरवर मात्र ती येता कामा नये.

बांधून झालं की चाचणी. इथे एक सवय मोडावी लागते. माणूस उभ्याने कॅमेऱ्यासमोरून चालतो, लाल दिवा लुकलुकतो, आणि सगळे समाधानाने पुढच्या जागेकडे निघतात. ही चाचणी माणसाची झाली. लहान मांजरासाठी हात-गुडघ्यांवर रांगत जावं लागतं, नाहीतर कोमट पाण्याची बाटली दोरीला बांधून जमिनीलगत, मांजराच्या चालीने, वाटेवरून ओढावी. दोन्ही दिशांनी आणि वाटेच्या दोन्ही कडांनी ओढून दिवा लागला तर कॅमेरा बसला म्हणायचं.

कॅमेऱ्याचं तोंड शक्यतो उत्तरेला किंवा दक्षिणेला असावं. उगवतीचं-मावळतीचं ऊन थेट सेन्सरवर आलं की खोटे फोटो निघत राहतात. समोरचं गवत दोन-अडीच मीटरपर्यंत मुळाशी कापावं. उन्हात तापलेलं एक पातं वाऱ्याने हललं तरी हजारो रिकामे फोटो निघतात आणि कार्ड दोन दिवसांत भरतं. पावसाळ्यात गवत पंधरवड्यात पुन्हा उभं राहतं, म्हणून त्या ऋतूत फेऱ्या जास्त ठेवाव्या लागतात. मात्र सगळी जागा खरवडून मोकळी करू नये. ज्या आडोशासाठी मांजर तिथे येतं तोच काढून टाकला तर ते वाट बदलतं.

घड्याळाची चूक छोटी वाटते, पण सबंध निष्कर्ष उलटवते. सकाळ-दुपारची खूण चुकली की वेळ बरोबर बारा तासांनी सरकते आणि निशाचर मांजर कागदावर दिनचर होतं. कॅमेरा सुरू करताना आणि काढताना, दोन्ही वेळी, खऱ्या घड्याळाचा फोटो त्याच कॅमेऱ्याने काढून ठेवावा. नंतर शंका आली तर दुरुस्तीला हाच एक आधार असतो.

राहिला प्रश्न जागांचा. वाघ-बिबट्यांसाठी कॅमेरे जंगलातल्या रस्त्यांवर लावतात, कारण ही जनावरं रस्त्याने चालतात. लहान मांजरंही कधीकधी चालतात, पण बिबट्या आणि कुत्री ज्या वाटेने फिरतात तीच वाट त्यांनी निवडावी असं नाही. ओढ्याचा काठ, पडलेलं खोड, दगडी बांध, शेत आणि झुडपं मिळतात ती कड अशाही जागा हव्यात. मार्बल्ड कॅटसारखं झाडावरचं जनावर शोधायचं तर कॅमेरा वर न्यावा लागतो, आणि तो जाड खोडावरच बांधावा. डुलत्या फांदीवरचा कॅमेरा वाऱ्याचेच फोटो काढतो.

फोटो नाही, म्हणजे मांजर नाही का?

समजा एखाद्या जागी मांजर राहतं, आणि कोणत्याही एका रात्री ते कॅमेऱ्यात येण्याची शक्यता २ टक्के आहे. लहान मांजरांच्या बाबतीत हा आकडा अजिबात कमी नाही. मग तीस रात्रींत एकदाही न येण्याची शक्यता किती? ०.९८ ला स्वतःनेच तीस वेळा गुणलं की उत्तर येतं सुमारे ०.५५. म्हणजे मांजर असूनही अर्ध्याहून जास्त वेळा महिनाभराची मेहनत रिकामी जाणार. साठ रात्री ठेवले तर ती शक्यता ३० टक्क्यांवर येते. पाच टक्क्यांच्या खाली आणायला सुमारे दीडशे रात्री लागतात. एकाच कॅमेऱ्याला पाच महिने, किंवा त्या परिसरात एकमेकांपासून जरा लांब बांधलेल्या पाच कॅमेऱ्यांना एक महिना.

या अडचणीवर उपाय म्हणून जी पद्धत वापरतात तिला ऑक्युपन्सी मॉडेल म्हणतात. तिची आजची मांडणी २००२ सालची. मर्म एवढंच की प्रत्येक जागा पुन्हा पुन्हा तपासायची आणि प्रत्येक वेळेची नोंद वेगळी ठेवायची. सहा आठवडे कॅमेरा असेल तर प्रत्येक आठवडा ही एक तपासणी. एखाद्या जागेची नोंद ०, ०, १, ०, १, ० अशी असेल तर मांजर तिथे आहे हे पक्कं, आणि चार आठवडे आपण ते चुकवलं हेही पक्कं. अशा नोंदींवरून 'असूनही न दिसण्याचं' प्रमाण काढता येतं. शंभरांपैकी चाळीस जागी मांजर दिसलं, आणि असलेलं मांजर संपूर्ण काळात एकदा तरी दिसण्याची शक्यता ६० टक्के निघाली, तर खरा अंदाज चाळीस भागिले ०.६, म्हणजे साधारण ६७ जागांचा. चाळीसच छापले असते तर एक तृतीयांशाहून जास्त अधिवास नकाशावरून पुसला गेला असता.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. शोधण्याची शक्यता सगळीकडे सारखी नसते. उंच गवतात ती घटते, मोकळ्या वाटेवर वाढते. हा फरक गणितात घातला नाही तर 'मांजर मोकळ्या जागा पसंत करतं' असा निष्कर्ष निघतो, आणि खरं तर मोकळ्या जागा कॅमेऱ्याला पसंत असतात. बंद पडलेल्या कॅमेऱ्यांचे दिवस वजा करायलाही विसरू नये: तीस कॅमेरे चाळीस रात्री म्हणजे १२०० ट्रॅप-नाइट, पण त्यातले पाच कॅमेरे शेवटच्या वीस रात्री मेलेले असतील तर ११००.

किती आहेत? हा प्रश्न त्याहून कठीण

संख्या काढायची तर जनावर वैयक्तिक ओळखावं लागतं. वाघाटी, बिबट मांजर, मार्बल्ड कॅट, मासेमार मांजर यांच्या अंगावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आणि डावी-उजवी बाजूही एकमेकींसारखी नसते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे हवेत, थोडे तिरपे, म्हणजे एकाचा झोत दुसऱ्याच्या भिंगात जाणार नाही. एकाच बाजूचे फोटो असतील तर डाव्या बाजूचं एक आणि उजव्या बाजूचं एक मांजर मिळून दोन मोजली जाण्याचा धोका असतो. ओळख दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि मगच यादी जुळवावी. मतभेद झालेला फोटो वगळला तर चालतं. ओढूनताणून जुळवलेला फोटो संख्या बिघडवतो.

पुढचा अडथळा अंतराचा. आज घनता बहुधा अशा गणिताने काढतात, ज्यात कोणतं मांजर कोणकोणत्या कॅमेऱ्यांत आलं यावरून त्याच्या फिरण्याचा आवाका ठरतो. त्यासाठी एकच मांजर दोन-तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत यायला हवं. भारतातल्या व्याघ्रगणनेत दोन चौरस किलोमीटरच्या चौकटीत कॅमेऱ्यांची एक जोडी असते, म्हणजे शेजारच्या जोड्यांत साधारण १.४ किलोमीटर. आता एखाद्या लहान मांजराचा वावर दोन चौरस किलोमीटरचा धरला, तर त्या वर्तुळाचा व्यास होतो १.६ किलोमीटर. अशा मांजराच्या वाट्याला जेमतेम एक जोडी येणार, आणि ते दुसरीकडे दिसलंच नाही तर आवाका कळणार कशावरून? मोठ्या आसाच्या जाळ्याने लहान मासळीचा अंदाज बांधण्यातला हा प्रकार आहे. लहान मांजरांसाठी वेगळी मांडणी करताना ५०० ते ८०० मीटर अंतर धरलं तर फेरनोंदी मिळू लागतात. व्याघ्रगणनेत आलेले लहान मांजरांचे फोटो वाया जात नाहीत. कुठे आहे हे ते चांगलं सांगतात, किती आहेत हे सांगायला सहसा अपुरे पडतात.

रानमांजराचं अंग जवळजवळ सपाट रंगाचं. पायांवरचे फिकट पट्टे रात्रीच्या फोटोत क्वचितच उमटतात, त्यामुळे वैयक्तिक ओळख बहुधा सोडून द्यावी लागते. अशा जनावरांसाठी ओळखीशिवाय घनता काढणाऱ्या पद्धती आहेत: एक २००८ साली मांडली गेली, तिच्यात जनावराच्या चालण्याचा वेग आणि कॅमेऱ्याचं क्षेत्र लागतं, दुसरी २०१७ ची, तिच्यात जनावर कॅमेऱ्यापासून किती अंतरावर दिसलं ते मोजतात. दोन्हींची अट एकच आणि ती मोडण्याचा मोह फार होतो: कॅमेरे मांजराच्या आवडत्या वाटांवर नव्हे, आधीच आखलेल्या बिंदूंवर लावायचे. वाटांवर लावले की घनता फुगते. आमिष लावलं तरी तेच.

प्रजाती ओळखण्यातही ठेचा लागतात, कारण इन्फ्रारेड फोटोत रंग नसतो. रानमांजराचे पाय लांब, शेपूट तोकडं, टोकाकडे काळी वलयं आणि काळं टोक, कानांच्या शेंड्यांना बारीक झुपके. वाघाटीच्या कपाळावरून मागे जाणारे गडद पट्टे आणि डोळ्यांच्या आतल्या कडेच्या पांढऱ्या रेघा बघायच्या. बिबट मांजराच्या कानामागे पांढरा ठिपका. पाळीव मांजर या सगळ्यांत घुसखोरी करतं, आणि ठिपक्यांचं पाळीव मांजर दुरून कुणालाही फसवतं. उलटाही प्रकार घडतो. आशियाई सोनेरी मांजराची सहा वेगवेगळी रंगरूपं अरुणाचलच्या दिबांग खोऱ्यात नोंदली गेल्याचं २०१९ साली प्रसिद्ध झालं. ओळीने मांडली तर ती एका प्रजातीची आहेत असं वाटत नाही. संगणकाचे ओळखयंत्र रिकामे फोटो वेगळे काढायला उत्तम. लहान मांजराचं नाव मात्र माणसानेच ठरवावं, आणि ठरत नसेल तर 'अनिश्चित' लिहावं.

विष्ठा, केस आणि दोन-तीन धोके

पाळतीशिवाय मिळणारा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे विष्ठा. २०१९ साली एव्हरेस्टच्या नेपाळी बाजूला पाच हजार मीटरहून जास्त उंचीवर उचललेल्या विष्ठेतल्या डीएनएवरून तिथे पॅलस मांजर, म्हणजे थंड, उंच प्रदेशातलं एक लहान जंगली मांजर, असल्याचं सिद्ध झालं. जनावर कुणी पाहिलं नव्हतं. पण नुसत्या नजरेने ओळखलेली विष्ठा म्हणजे अंदाजच. लहान मांजर, कोल्हा आणि उदमांजर यांच्या विष्ठेची जाडी एकमेकांत मिसळते. बिया आणि फळांच्या साली भरपूर असतील तर बहुधा उदमांजर, एवढं सांगता येतं. बाकी प्रयोगशाळेवर सोडावं.

नमुना घेताना विष्ठेचा बाहेरचा थर महत्त्वाचा, कारण आतड्याच्या पेशी तिथेच लागलेल्या असतात. आतला भाग प्रामुख्याने उंदराचा, म्हणजे भक्ष्याचा. नखाएवढा बाहेरचा तुकडा निर्जंतुक चिमट्याने काढून ९५ टक्क्यांच्या पुढच्या इथेनॉलमध्ये किंवा सिलिका जेलमध्ये ठेवावा. उरलेली विष्ठा आहाराच्या अभ्यासासाठी कागदी पाकिटात वाळवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली की बुरशी चढते आणि डीएनए तुटतो. ऊन-पावसानेही तेच होतं, म्हणून शिळ्या नमुन्यांच्या यशाचं प्रमाण घसरतं. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी दर नमुन्याला नवे हातमोजे घालावेतच. कपड्यावरचा एक केस पाळीव मांजराचा डीएनए घेऊन येतो, आणि निकालात 'गाव-मांजर जंगलात' असं भूत उभं राहतं.

आहारासाठी विष्ठा बारीक जाळीत धुऊन केस, दात, हाडं, पिसं वेगळी करतात. किती विष्ठांत उंदराचे केस सापडले एवढंच मोजलं तर आहारातलं वजन कळत नाही. लहान मांजर एका रात्रीत अनेक उंदीर खाऊ शकतं आणि सगळे केस एकाच विष्ठेत येऊ शकतात. म्हणून जबडे आणि दात जुळवून किमान किती प्राणी होते ते मोजायचं. मोठ्या मांजरांसाठी बनवलेली वजनाची सूत्रं इथे आंधळेपणाने वापरली की पुन्हा मापाचीच चूक होते.

युरोपात जंगली मांजरांसाठी व्हॅलेरियन या वनस्पतीचा अर्क लावलेले खडबडीत लाकडी खुंट रोवतात. मांजर अंग घासतं, केस खुंटाला राहतात, मुळं शाबूत असलेल्या केसातून डीएनए मिळतो. तिथे हे लागतंच, कारण पाळीव मांजरांशी संकर इतका झाला आहे की दिसण्यावरून शुद्ध जंगली मांजर ठरवणं कठीण. स्कॉटलंडमधली जंगली मांजरांची वस्ती स्वतःच्या बळावर तगू शकत नाही, असा निष्कर्ष २०१९ साली निघाला, त्यात संकराचा वाटा मोठा होता.

कॉलर: ग्रॅमचा हिशेब

मांजर कुठे कुठे फिरतं ते नोंदवायला त्याच्या गळ्यात कॉलर बांधतात. ती जनावराच्या वजनाच्या तीन टक्क्यांपर्यंत ठेवावी, पाचच्या पुढे जाऊच नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. १.२ किलोच्या वाघाटीसाठी तीन टक्के म्हणजे ३६ ग्रॅम. त्यात पट्टा, अँटेना, जीपीएस आणि बॅटरी सगळं आलं. बॅटरी लहान म्हणून नोंदी मोजक्याच मिळतात, त्यामुळे त्या कशा खर्चायच्या ते आधी ठरवावं: रोज चार नोंदी घेऊन काही महिने वावराचा आवाका बघायचा, की दर अर्ध्या तासाला नोंद घेऊन थोड्या दिवसांत बारीक हालचाल? दोन्ही एकदम मिळत नाही. मांजर कपारीत किंवा दाट झाडीत असताना उपग्रहाशी संपर्क तुटतो, म्हणजे नेमक्या विश्रांतीच्या जागांच्याच नोंदी गळतात.

पकडणं हे पशुवैद्यकाचं काम. लहान अंगातून उष्णता झपाट्याने जाते, त्यामुळे गुंगीत असताना दर काही मिनिटांनी तापमान बघावं लागतं. थंड रात्री उबदार पिशव्या हाताशी हव्यात. सुटल्यावरचे पहिले काही दिवस मांजर बावरलेलं असतं, म्हणून त्या नोंदी हिशेबात धरत नाहीत. भारतात अशा अभ्यासाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम १२ खाली परवानगी लागते.

आता ते अर्ध्या मीटरचं जंगल

प्रत्येक कॅमेऱ्याभोवती अधिवासाच्या नोंदी घेतात, आणि त्या बहुतेकदा माणसाच्या उंचीवरून घेतल्या जातात: झाडांची संख्या, खोडाचा घेर, वरचं छत्र. मांजराला लागणारी मापं खालची आहेत. दहा-दहा सेंटिमीटरचे पट्टे रंगवलेली अर्ध्या मीटरची काठी कॅमेऱ्याच्या जागी उभी धरावी, दहा मीटर लांबून चारही दिशांनी खाली वाकून बघावं, आणि किती पट्टे झाकले गेले ते लिहावं. मिळाला जमिनीलगतच्या आडोशाचा आकडा. जोडीला पोकळ खोडं, दगडांच्या फटी, पाण्यापर्यंतचं अंतर, गुरांच्या चराईच्या खुणा, सरपणासाठी तोडलेल्या झुडपांचे बुंधे. आणि भक्ष्य: छोट्या पिंजऱ्यांची चौकट दहा मीटर अंतराने मांडून लागोपाठ चार-पाच रात्री उंदीर पकडून, खूण करून सोडतात. हे पिंजरे पहाटे उन्हाआधी तपासले नाहीत तर उंदीर आतच मरतात.

या नोंदी आणि मांजराच्या नोंदी एकाच ऋतूतल्या हव्यात. डिसेंबरात गुडघाभर असलेलं गवत मे महिन्यात चरून किंवा जळून गेलेलं असतं, आणि मग हिवाळ्यातलं मांजर उघड्या जमिनीवर 'राहतं' असं गणित सांगू लागतं. शेताच्या कडेला तर बदल एका दिवसात होतो. पीक उभं की कापलेलं, हे प्रत्येक फेरीत लिहावं. कुत्र्यांचे आणि पाळीव मांजरांचे फोटोही टाकून देऊ नयेत. पाठलाग, रोग आणि संकर या तिन्ही वाटांनी त्यांचा संबंध येतो, त्यामुळे कोणत्या जागी ते किती वेळा आले ही नोंद अधिवासाच्या मापाइतकीच उपयोगी पडते.

माहिती प्रसिद्ध करताना अचूक ठिकाण देऊ नये. नकाशावर दहा किलोमीटरच्या चौकटी पुरतात. फोटो समाजमाध्यमावर टाकण्याआधी फाइलमध्ये दडलेले अक्षांश-रेखांश पुसावेत, आणि गुहा, बांध किंवा ठळक खडक दिसणारा पार्श्वभाग कापावा, कारण जागा माहीत असलेल्याला नकाशाची गरज नसते.